रस्त्याचा सातबारा

जमिनीची किंमत जिवतीच्या माणसाला शिकवावी लागत नाही. माणिकगडच्या या पहाडावर कोलाम आणि गोंड बांधवांची गुडे पूर्वापार आहेत. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून अनेक कुटुंबे इथे आली. त्यांनी गोटे वेचले, वावरे केली, कापूस पिकवला. अर्धशतक उलटले तरी त्यांतील कित्येकांच्या हाती अजून पट्टा नाही. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्यांकडे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. तो आणायचा कोठून? पट्टा नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार सुटत नाही. हातभर जमिनीसाठी कागदांची थैली घेऊन फिरणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

आणि याच जिवतीत भर रस्त्यावरची जागा ताब्यात घ्यायला काय लागते? एक चारचाकी आणि तिचा हँडब्रेक! ना अर्ज, ना मोजणी, ना पुरावा.

वाचकहो, हे थट्टेवारी नेऊ नका. जरा हिशेब करून पाहू. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटर झाली. ग्रामीण घरकुल योजनेत गरिबाच्या घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. रस्त्यावर दोन मोटारी उभ्या राहिल्या की एका घरकुलाएवढी सार्वजनिक जमीन अडली. फरक एवढाच, की घरकुलासाठी माणूस वर्षानुवर्षे यादीत नाव शोधतो आणि मोटारीसाठी कोणी कोणाला विचारतही नाही.

याचे परिणाम बाजाराच्या दिवशी दिसतात. एका बाजूला दुकानांच्या ताडपत्र्या, दुसऱ्या बाजूला दुचाक्यांची रांग, मध्ये काळी-पिवळी, ट्रॅक्टर, बैलबंडी आणि या सगळ्यांच्या मागे भोंगा वाजवीत थांबलेली एस. टी. अशाच एका बाजारी बाळंतपणासाठी एका बाईला गडचांदूरला नेणारी गाडी या गर्दीत अडकलेली मी पाहिली. पुढे उभ्या असलेल्या जीपचा मालक सापडत नव्हता. कोणी हॉटेलात पाहिले, कोणी पानठेल्यावर हाका मारल्या. तो आला, ओशाळला, त्याने लगबगीने गाडी काढली. त्याच्या मनात पाप नव्हते. ‘दोन मिनिटांत येतो’ एवढेच त्याने स्वतःला सांगितले होते. पण पुढे अख्खा घाट उतरायचा असताना त्या बाईच्या वाट्याची ती मिनिटे त्याला कोणी दिली होती?

‘जिवती म्हणजे काय मुंबई आहे?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. मला वाटते, मुंबई नाही म्हणूनच आज बोलायला हवे. मुंबईचे काय झाले ते पाहा. दहिसर या उपनगरातील पांचाली गृहनिर्माण संस्थेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. इमारतीखालची, खांबांमधली गाड्यांची जागा बिल्डरला वेगळी विकता येते का, एवढाच मुद्दा होता. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की ती जागा सर्व रहिवाशांच्या सामाईक वापराची आहे, बिल्डरला ती विकता येणार नाही. पुढे २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळाजवळ बेकायदा गाडी उभी करणाऱ्यांना हजारो रुपयांचा दंड लावला. एवढे करूनही तिथल्या गल्ल्या मोकळ्या झाल्या नाहीत. रोग अंगात भिनल्यावर औषध महाग पडते.

जपानने हे वेळीच ओळखले. त्या देशात १९६२ सालीच कायदा झाला, की ज्याला मोटार घ्यायची त्याने ती ठेवायला जागा असल्याचे दाखवावे आणि रस्त्याचा उपयोग गाडी ठेवण्यासाठी करू नये. आपल्या राज्यातही २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी असाच विचार बोलून दाखवला. आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमानेही इतरांना अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी उभी करण्यास मनाई केली आहे. कायदा पुस्तकात आहे. तो मनात कधी उतरणार?

इथे काळी-पिवळीवाल्यांची बाजू सांगणे मी कर्तव्य समजतो. एस. टी. चुकली तर पहाडावरच्या माणसाला त्यांच्यावाचून दुसरा आधार कोणता? त्यांना नुसते हुसकून लावणे हा अन्याय होईल. नगरपंचायतीने बाजाराच्या कडेला एक मोकळे मैदान गाड्यांसाठी आखून द्यावे, तिथे पाण्याची आणि सावलीची सोय करावी. माल उतरविण्याची वेळ सकाळी बाजार भरण्यापूर्वीची ठरवावी. दंडाची पावती त्यानंतर फाडावी. जागा न देता दंड घेणे म्हणजे ताट न वाढता उष्टे काढायला लावण्यासारखे आहे.

पण सगळा भार नगरपंचायतीवर टाकून आपण मोकळे होऊ नये. आपल्या हातचे बरेच काही आहे. नवे घर बांधताना अंगणात गाडीपुरती जागा सोडावी, ओटा आणि पायरी रस्त्यावर ओढू नये. वळणावर, चढाच्या माथ्यावर, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दाराशी गाडी लावू नये. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी, पुढची चाके कडेच्या बाजूला वळवावी, आणि चाकाला लावलेला गोटा निघताना उचलून बाजूला टाकावा. रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला तो रस्त्यात पडलेला गोटा दिसत नाही. हीच गोष्ट कापसाच्या हंगामात अंधारात उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीची. तिच्या मागे चमकणारी लाल पट्टी लावायला फार खर्च येत नाही. गाडी सोडून लांब जायचे असेल तर शेजारच्या दुकानदाराला सांगून जावे, म्हणजे वेळेला हाक कोणाला मारायची ते लोकांना कळेल. आणि बाजार दोन फर्लांगांवर असेल तर, मित्रांनो, देवाने पायही दिले आहेत!

रस्त्यावर पहिला हक्क रुग्णाचा, मग पायी चालणाऱ्याचा, मग एस. टी.चा आणि मालाच्या गाडीचा. उभ्या गाडीचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. हा क्रम प्रत्येकाने पाळला तर आपल्या या लहानशा गावाला वाहतूक पोलिसाची वाट पाहावी लागणार नाही.

वावराचा सातबारा नावावर व्हावा म्हणून भांडणे हा आपला हक्क आहे आणि तो आपण मिळवूच. रस्त्याचा सातबारा मात्र कोणा एकाच्या नावाने कधीच निघणार नाही. त्यावर साऱ्या गावाची नावे आहेत. शाळेत जाणाऱ्या पोराचे आहे, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या म्हातारीचे आहे आणि उद्या घाटाखाली न्यावे लागेल अशा आजाऱ्याचेही आहे. हँडब्रेक ओढण्यापूर्वी ती नावे एकदा वाचावीत, एवढेच मागणे.