समुद्राची ओढ

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व त्यांच्या पलीकडे नर्मदा, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी आणि दक्षिणेस नवापूरकडचा डोंगराळ मुलूख, असा हा प्रदेश १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याच्या नकाशाला किनाऱ्याची निळी पट्टी कोठेही लागत नाही. तरीही येथील एखाद्या शाळेत सहलीचा विषय निघाला की मुलांच्या तोंडी पहिले नाव समुद्राचे येते. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्यालाच त्याची ओढ अधिक वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु वडीलधारी मंडळी हसून म्हणतात, "पाणीच पाहायचे ना? मग प्रकाशाला जा. तेथे तापी आहे."

या म्हणण्यात काटकसर आहे, तसेच थोडे शहाणपणही आहे. मात्र त्यात एक गृहीत गोष्ट आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. समुद्र म्हणजे केवळ पुष्कळ पाणी आणि तो नंदुरबारपासून दूर, असे ही मंडळी धरून चालतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

समुद्र या जिल्ह्यात रोज येतो. ज्वारीच्या भाकरीत चिमूटभर मीठ पडते, ते बहुधा गुजरातच्या किनाऱ्यावरील मिठागरांत वाळलेले असते. ज्या दांडीला ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी मूठभर मीठ उचलले, ते गावही सुरतेच्या बाजूचेच. जून महिन्यात तोरणमाळच्या कड्यांवर जे ढग येऊन अडतात, त्यांतील पाणी अरबी समुद्रावरून आलेले असते. मोगल काळात सुरत हे मोठे बंदर होते. तेथे गलबतांतून उतरलेला माल नंदुरबारवरून बऱ्हाणपूरकडे जात असे. आजही सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग नंदुरबारवरूनच जातो. तेव्हा समुद्राशी या गावाचे नाते जुने आहे. केवळ भेट राहून गेली आहे.

आणि तापी? ती तर समुद्राकडेच निघालेली आहे. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करणारी ही नदी प्रकाशाजवळ गोमाईला पोटाशी घेते, पुढे गुजरातेत शिरते, १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात विसावते आणि सुरत ओलांडून डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. तिचे पुष्कळसे पाणी वाटेतच शेतांना आणि शहरांना द्यावे लागते. तथापि पावसाळ्यात पूर आला म्हणजे ती दोन्ही हातांनी समुद्राला दान करते. चित्रांतील निळ्या समुद्राची कल्पना मनात धरून जे मूल डुमसला जाते, त्याचा प्रथम विरस होतो. तेथील पाणी गढूळ आणि वाळू काळसर. परंतु खंबायतच्या आखाताकडचे हे पाणी असे का, हे त्याला कोणी सांगितले, तर त्या विरसाचे कौतुकात रूपांतर होईल. तापी आणि नर्मदा यांनी शेकडो मैलांवरून वाहून आणलेला गाळ त्या पाण्यात आहे. शहादा-तळोद्याच्या शिवारातील माती पावसाच्या ओघळांबरोबर गेली, ती येथवर आली. खानदेशातील मूल त्या किनाऱ्यावर परके नसते. त्याच्या आधी त्याच्या शेताची माती तेथे पोहोचलेली असते.

आता ओढीचा विचार करू. समुद्रात माणसाला असे काय ओढते? अथांगपणा, असे उत्तर चटकन दिले जाते. पण गणिताने पाहिले तर चमत्कारिक गोष्ट दिसते. दीड मीटर उंचीवर डोळे असलेले मूल किनाऱ्यावर उभे राहिले, तर ज्या रेषेवर पाणी संपून आकाश सुरू होते, ती त्याच्यापासून जेमतेम चार-साडेचार किलोमीटरांवर असते! तोरणमाळच्या कड्यावरून याहून कितीतरी दूरचे दिसते. असे असूनही समुद्रच मोठा वाटतो, कारण कड्यावरून दिसणारी झाडे, शेते, घरे आणि रस्ते मोजता येतात. समुद्रात नजरेला मोजण्यासारखे काहीच सापडत नाही. मोजणे थांबले की मन शांत होते. ओढ आहे ती या शांततेची.

त्यातून संध्याकाळची वेळ. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून वारा जमिनीकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो. या दोहोंच्या मध्ये, दिवेलागणीच्या सुमारास वा त्यानंतर, वारा बहुधा मंदावतो, क्वचित पडतो. लाटांचा आवाज तेवढा उरतो. किनाऱ्यावर संध्याकाळी येणारी स्तब्धता ही काही कवींची कल्पना नव्हे. उष्णतेचे देणेघेणे काही वेळ थांबल्याचा तो परिणाम आहे. कवींनी मात्र ती आधी ऐकली, एवढे श्रेय त्यांना द्यावे.

आणि नेमकी हीच वेळ सहलींच्या वाट्याला येत नाही. पहाटे निघालेली गाडी दुपारी किनाऱ्यावर पोहोचते. ऊन मी म्हणत असते. अर्धा तास पाण्यात धिंगाणा, मग भेळ, मग रांगेने छायाचित्र, मग शिट्टी! सूर्य कलण्यापूर्वी मुले गाडीत बसून पुढच्या ठिकाणाकडे निघालेली असतात. चार दिवसांत नऊ स्थळे पाहिली, असे अभिमानाने सांगितले जाते. शिक्षकांवर जबाबदारी असते, भाड्याचे पैसे मोजून द्यावे लागतात, हे सर्व खरे. परंतु दोन स्थळे वगळून एक संपूर्ण संध्याकाळ किनाऱ्यावर घालवली, तर खर्च वाढत नाही, उलट घटतो. पाण्यापासून दूर, कोरड्या वाळूवर मुलांनी अर्धा तास न बोलता बसावे. पहिली पाच मिनिटे चुळबुळ होईल, कोणीतरी हसेल. ते चालायचेच.

पाण्यापासून दूर, हे शब्द सहज लिहिलेले नाहीत. नदीत पोहायला शिकलेल्या मुलाला समुद्राचीही भीती वाटत नाही, आणि धोका तेथेच असतो. नदी एकाच दिशेने ओढते. समुद्र दिशा बदलतो. भरतीपासून भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात, म्हणून तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल सुरक्षित असलेली घटका आज तशी असेलच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. खंबायतच्या आखातात तर भरती-ओहोटीतील अंतर देशात सर्वांत मोठे आहे. तेथे ओहोटीच्या वेळी चिखल दूरवर उघडा पडतो आणि त्यावर चालत गेलेल्या माणसाला परत येणारे पाणी मागून गाठू शकते. कोळ्यांची मुले पंचांग पाहून पाण्यात उतरतात. पाहुण्यांनी किमान कोळ्यांना विचारून उतरावे.

प्रकाशाला जा, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांकडेही आता वळले पाहिजे. दक्षिण काशी म्हणून नावाजलेल्या या गावी केदारेश्वराच्या मंदिराजवळ संध्याकाळी बसून पाहावे. बंधाऱ्यामुळे तापीचे पाणी तेथे पसरते आणि पश्चिमेचा रंग त्यात उतरतो. ही संध्याकाळ समुद्राच्या संध्याकाळीहून उणी नाही. पण यात्रेच्या दिवशी कर्णे लावून आणि एरवी निर्माल्य व पिशव्या टाकून तिची शांतता कोणी घालवली, याचे उत्तर मुलांनी मोठ्यांना विचारण्यासारखे आहे.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला ही ओढ अधिक कठोर रूपात दिसते. नर्मदाकाठच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांनी वाहती नदी पाहिली होती. सरदार सरोवर धरण उंच होत गेले, १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले, आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील मणिबेलीसारख्या गावांसमोर नदीच्या जागी सरोवर आले. काही कुटुंबांना तळोदा भागात नव्या वसाहतींत जावे लागले. दूर गुजरातेतील तहानलेल्या गावांना त्या पाण्याने आधार दिला, हे नाकारता येत नाही. परंतु काठ सुटलेल्या माणसाला संध्याकाळी काय आठवत असेल, हे समुद्रावर शांत बसलेल्या मुलाला थोडेतरी कळू शकेल.

एक गोष्ट उलट बाजूनेही करण्याजोगी आहे. सह्याद्री समुद्राला इतका जवळ आहे, की कोकणातील बहुतेक नद्या शंभर-दीडशे किलोमीटरांच्या आतच संपतात. रत्नागिरी-मालवणकडच्या मुलांनी समुद्र रोज पाहिलेला असतो; पण सातशे किलोमीटर चालत येणारी नदी त्यांनी पाहिलेली नसते. तेथील शाळांनी एखाद्या हिवाळ्यात आपली मुले तापीकाठी आणावीत. प्रकाशाच्या घाटावर दोन्हीकडची मुले एकत्र बसली, तर कोणी कोणाला काय दाखवायचे, याचा वाद रंगेल, आणि त्या दिवशी अर्धा तास गप्प राहण्याचा नियम शिथिल करावा लागेल.