घर पाहावं मे महिन्यात

मैत्रिणींनो, ‘घर पाहावं बांधून’ असं आपल्या आज्या-पणज्या सांगून गेल्या. मी त्यात थोडी भर घालते. जंगलाकाठचं घर पाहावं ते मे महिन्यात!

2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता शहापूर-मुरबाडकडच्या बंगल्यांच्या, प्लॉटच्या जाहिराती नजरेत भरतात. समोर माहुलीचा डोंगर, शेजारी तानसा अभयारण्य, कुठे माळशेजची हवा! आमच्या शेजारच्या वहिनी ऑगस्टात असाच एक प्लॉट पाहून आल्या. हिरवंगार रान, वाहता ओढा... बाई भुलल्याच. पाटल्या मोडून विसारही देऊन आल्या. मे महिन्यात पुन्हा गेल्या, तर ओढ्यात नुसते धोंडे आणि विहिरीचा तळ उघडा! विसार काही परत मिळाला नाही.

यात नवल नाही बरं का. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातलीच. तानसा तर 1892 सालचं. पण त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहत बसतात. म्हणून विकणाऱ्याला विचारू नका, पाड्यावरच्या बाईला विचारा, “होळीनंतर पाणी कुठून आणता?” ती खरं ते सांगेल.

आता कागदांचं. ‘ते यांचं काम’ म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका हं! सातबारा आता मोबाइलवरही पाहता येतो. गट नंबर मागून घ्या आणि तांदूळ निवडतो तशा डोळ्यांनी तो वाचा.

पहिलं, ‘इतर हक्क’ हा रकाना. तिथे वनाचा किंवा खाजगी वनाचा शेरा असला, तर तिथेच थांबा. मालक आदिवासी असला, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही.

दुसरं, जमीन शेतीची की बिनशेती? शेतजमीन असेल, तर एरवी शेतकरी नसलेल्याला ती सरळ विकत घेता येत नाही. आणि दहा नावांच्या सामाईक सातबाऱ्यात आपलं अकरावं नाव घालून ‘हा तुमचा 1 गुंठा’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

तिसरं, अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. तेव्हा मंजूर नकाशा आणि प्रकल्प मोठा असल्यास महारेराचा नंबर मागा. सगळे कागद आपल्या वकिलाला दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे. विसाराची पाळी त्यानंतरची.

आणि शेवटचं. पाटल्या तुमच्या मोडणार असतील, तर खरेदीखतावर नावही तुमचं हवं. तयार घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 2021 पासून मिळते. नुसत्या प्लॉटला मात्र ती नाही. हे घरात गोडीनं सांगा, पण सांगाच.

झाडं-पाखरं, मोकळी हवा कुणाला नको? पण रान कुठे पळून जात नाही. एक उन्हाळा थांबलात, तर काही बिघडणार नाही. पाटल्या मात्र एकदा मोडल्या की पुन्हा घडवायला किती वर्षं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगू?