अंकाची शहानिशा

समाकलाचे मूल्य काढणे हे काम आपल्या व्यवसायात इतके नित्याचे झाले आहे की, संगणकास हुकूम द्यावा, त्याने बारा दशांश स्थळांपर्यंतचा अंक हाती ठेवावा आणि आपण तो संकल्पचित्राच्या टिपणीत दाखल करून पुढील कलमाकडे वळावे, असा शिरस्ताच पडून गेला आहे. सौम्य स्वभावाच्या फलनांपुरता हा शिरस्ता निर्धोक म्हणता येईल. कारण गाउसने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने, उचित स्थानी निवडलेल्या अवघ्या पाच बिंदूंवरून नवव्या घातापर्यंतच्या कोणत्याही बहुपदीच्या समाकलाचे मूल्य तंतोतंत मिळते. परंतु आपल्या वाट्यास येणारी फलने पुष्कळदा बहुपदीच्या कुळातील नसतात, आणि तेथे यंत्रावरील हाच विश्वास घातक ठरतो.

तडा गेलेल्या पोलादी तुळईचेच उदाहरण घ्या. रेषीय स्थितिस्थापकतेच्या सिद्धांतानुसार तड्याच्या टोकाजवळचे प्रतिबल टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे टोकाशी ते अनंत होते, आणि तरीही त्याच्या समाकलाचे मूल्य सांतच राहते. शून्य ते एक या पल्ल्यात वर्गमुळाच्या व्यस्ताचे हे मूल्य बरोबर २ आहे. पल्ल्याचे १०० समान भाग पाडून प्रत्येकाच्या मध्यबिंदूवर गणना केली, तर उत्तर १.९३९५ येते, १०,००० भागांनी १.९९४०, आणि दहा लक्ष भागांनीही १.९९९४ एवढीच मजल जाते. श्रम शंभरपट वाढवावेत, तेव्हा शुद्धतेचा एक अंक पदरी पडावा, असा हा व्यवहार आहे. याउलट, अंतराऐवजी त्याचे वर्गमूळ हाच चल मानला, की संपूर्ण फलन २ या स्थिरांकात परिणत होते आणि एकाच बिंदूवरून उत्तर शुद्ध मिळते. जे काम दहा लक्ष गणनांना साधले नाही, ते कागदावरील एका ओळीने साधले. ताकाहासी आणि मोरी या जपानी गणितज्ञांनी १९७४ साली मांडलेले द्विघातांकी रूपांतर याच विचाराचा विस्तार होय. टोकाशी अनंत होणारी कित्येक फलने त्यायोगे साध्या समलंब नियमाच्याही आटोक्यात येतात.

दुसरे संकट अधिक फसवे आहे, कारण ते स्वतःची वर्दी देत नाही. अत्यल्प अवमंदन असलेल्या संरचनेच्या अनुनादाचे शिखर फार अरुंद असते. शून्य ते एक या पल्ल्यात एकतृतीयांशाच्या स्थानी एक दशसहस्रांश रुंदीचे घंटाकृती शिखर आहे आणि त्याखालील क्षेत्रफळ १ आहे, असे समजा. सिंप्सनच्या नियमाने १०, २०, ४० आणि ८० भाग घेतले, तर प्रत्येक वेळी उत्तर शून्य येईल, कारण एकही बिंदू शिखराच्या आसपास पडत नाही; आणि लागोपाठची उत्तरे जुळली म्हणून आज्ञावली त्रुटीही शून्यच नोंदवील. एकाच साक्षीदाराने तीच साक्ष चार वेळा दिली, एवढाच या जुळणीचा अर्थ.

तिसरा प्रकार आंदोलनांचा. सोमरफेल्डने १९०९ साली भूपृष्ठावरील रेडिओ तरंगांच्या प्रसरणाचा प्रश्न ज्या समाकलांत मांडला, त्यांत बेसेल फलन पुनःपुन्हा धन-ऋण होत राहते. अशा ठिकाणी कोटींच्या घरातील जमा आणि तेवढाच खर्च यांची वजाबाकी होऊन शिल्लक एकाच्या आसपास उरली, तर सुमारे सोळा अंकांनी चालणाऱ्या गणनेतील निम्मे अंक त्या वजाबाकीतच खर्ची पडतात, आणि छापून येणाऱ्या अंकावरून ही तूट कोणास कळत नाही. येथे भाग वाढवीत बसण्यापेक्षा, १९२८ साली फिलॉनने केले त्याप्रमाणे, मंद बदलणाऱ्या घटकासच तेवढा परवलय जुळवून आंदोलनांचा हिशेब विश्लेषणानेच चुकता करणे श्रेयस्कर.

या तिन्ही प्रकरणांत दोष यंत्राच्या वेगाचा नव्हता. फलन कोठे अनंत होते, कोठे उसळते आणि किती वेळा चिन्ह बदलते, याची चौकशी गणनेपूर्वी झाली नव्हती, हे खरे कारण. ही चौकशी आज्ञावलीकडे सोपविता येत नाही, कारण तिला फलन दिसते ते केवळ मोजक्या बिंदूंवर. त्यामागील तडा, अनुनाद किंवा तरंग माहीत असतो तो अभियंत्यास.

म्हणून आमची लेखकबंधूंना आणि भगिनींना आग्रहाची विनंती आहे की, अवघड समाकलाचे मूल्य लेखात देताना फलनाचा स्वभाव, योजिलेले रूपांतर आणि एखाद्या सर्वस्वी भिन्न पद्धतीने केलेली पडताळणी, या तीन गोष्टी सोबत नमूद कराव्यात, आणि जितके अंक या तपासणीत टिकले, तितकेच छापावयास द्यावेत. बारा अंकांपैकी चारच टिकले, तर ते चार लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही. पुलाची तुळई ज्यांच्या भरवशावर उभी राहावयाची, ते अंक तेवढेच आहेत.