भोंग्यांचा नाद असलेली माणसं

अमेरिकेत काही लोकांना चक्क भोंग्यांचा नाद आहे. शिकागोत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता धोक्याच्या भोंग्यांची चाचणी होते. तेव्हा ही मंडळी कॅमेरा घेऊन खांबाखाली हजर! कुठला भोंगा फिरला नाही, कुठल्याचा आवाज बसलाय, सगळं टिपून ठेवतात.

हसू नका मंडळी. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या लहायना गावात वणवा शिरला. भोंगे होते, दरमहा चाचणीही व्हायची. पण त्या दिवशी ते वाजवलेच नाहीत. का? तर म्हणे, लोकांना त्सुनामी वाटली असती आणि ते डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळाले असते! शंभराच्या आसपास जीव गेले. म्हणजे नुसता भोंगा असून भागत नाही, तो वाजल्यावर काय करायचं हेही लोकांना माहीत लागतं.

आपल्याकडे ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलला भोंगे वाजले, बातम्या झाल्या. पुढे काय? तुमच्या गावातला भोंगा कुठे आहे, वाजवायचा कोणी, वाजला तर पळायचं कुठे, सांगता येईल? नदीकाठच्यांनी तर हे ग्रामसभेत विचाराच. महिन्यातून एकदा ठरल्या वेळी भोंगा वाजू द्या. पोरांना त्याचा नाद लागला तर लागू द्या, तेवढेच चार कान जागे राहतील.