एका चांगल्या वाक्याची अडचण

थोडं लांब लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर विंडोज ओढेना, तेव्हा गावातल्याच एका पोराने त्यावर डेबियन लिनक्स टाकून दिलं. फुकटात. पोरगा पुण्यात नोकरी करतो आणि रात्री जागून डेबियनसाठी पॅकेज तयार करतो, त्याचेही पैसे कोणी देत नाही. परवा सुट्टीवर आला होता. चहा पिताना त्याने ग्रंटची गोष्ट सांगितली.

ग्रंट हे जावास्क्रिप्टमधलं 2012 सालचं टूल. काम हमालाचं. फाइली जोडायच्या, लहान करायच्या, चुका तपासायला लावायच्या. असंख्य वेबसाइटच्या पोटात असलेली जेक्वेरीसुद्धा तेव्हा ग्रंटनेच बांधली जायची. मग डेबियनमध्ये पटकन यायला हवं होतं ना? रखडलं, काही वर्षं रखडलं.

कारण डेबियनचा नियम कडक. बाहेरून तयार झालेला माल चालत नाही. मूळ सोर्सपासून बांधून दाखवायचं, बांधायची हत्यारंही डेबियनच्याच मुख्य भांडारातली हवीत, आणि बांधताना इंटरनेटवरून काही ओढायचं नाही. म्हणजे लोणचं द्यायचं तर कैरी दाखवायचीच, वर विळीही घरचीच पाहिजे. इथे तर विळीला धार लावायला तीच विळी लागत होती, कारण ग्रंटची स्वतःची कामंही ग्रंटच करतं. त्यात चुका तपासायला जेएसहिंट नावाचं दुसरं टूल. खरी गंमत तिथे आहे.

जेएसहिंट निघालं डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसलिंटमधून. त्यांनी परवान्यात एक वाक्य घातलं होतं: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरा, वाईट कामासाठी नको. बस, एवढंच. डेबियनने सांगितलं, हे मुक्त सॉफ्टवेअर नाही, मुख्य भांडारात जागा नाही.

मी म्हटलं, अरे, इतकं चांगलं वाक्य, त्यात बिघडलं काय?

तो म्हणाला, "दादा, चांगलं काय ते ठरवणार कोण?"

डेबियनची तत्त्वं 1997 पासून लिहिलेली आहेत. कोणत्या कामासाठी वापरायचं यावर परवान्याने बंधन घालायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. पुष्कळ लोक हसले, म्हणाले, सोवळं फार यांचं. पण आयबीएमच्या वकिलांनासुद्धा त्या वाक्याची धास्ती वाटली. त्यांनी क्रॉकफर्ड यांच्याकडे सूट मागितली, आणि क्रॉकफर्डनी आयबीएमला वाईट कामासाठी वापरायची खास परवानगी दिली! हा किस्सा ते स्वतः भाषणात सांगायचे. मीही हसलो.

मग हसू थांबलं. मागे एका स्थानिक संस्थेशी आम्ही वर्षभराच्या जाहिरातीचा करार केला होता. त्यात एक ओळ होती, 'साप्ताहिकाने समाजहिताला बाधक मजकूर छापू नये'. मी डोळे झाकून सही केली. समाजहिताला नाही म्हणायचं कसं? पुढे त्याच संस्थेच्या कारभारावर बातमी छापली आणि तीच ओळ दाखवून बिल अडवलं. दोन महिने पोरांचे पगार उसनवारीवर केले. समाजहित म्हणजे काय, हे ठरवणारा बिल देणाराच निघाला.

आपल्याकडे तर यासाठी तुरुंगही झालाय. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली. एकीने लिहिलं, दुसरीने लाइक केलं. लावलेल्यांत कलम 66अ होतं. 'अत्यंत आक्षेपार्ह' म्हणजे नेमकं काय, ते कलम सांगतच नव्हतं. 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, आणि संदिग्धपणा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

तुम्ही म्हणाल, आपलं सॉफ्टवेअर छळासाठी वापरू नये असं लेखकाला वाटलं तर चूक काय? काहीच नाही. पण मग कोणत्या कामाला नको ते नाव घेऊन लिहावं. अर्थात डेबियन तेही घेणार नाही, आणि तिथे माझं त्यांच्याशी पूर्ण पटत नाही. पण संदिग्ध वाक्याला दारातच अडवणारे लोक मला हट्टी वाटत नाहीत.

ग्रंट 2019 च्या बस्टर आवृत्तीत आलं, जेएसहिंटला बाजूला ठेवूनच. 2020 मध्ये जेएसहिंटने ते वाक्य काढून साधा एमआयटी परवाना घेतला.

आमचा जाहिरातीचा नवा करार या आठवड्यात आलाय. संस्था वेगळी, ओळ तीच. मी ती पेनाने खोडली, बाजूला सही केली आणि परत पाठवला. अजून उत्तर नाही.