शिबिरानंतरचा रकाना

आर्थिक वर्ष संपले की ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल हाती येऊ लागतात. किती शिबिरे झाली, किती लाभार्थी तपासले, किती चष्मे वाटले, याचा तपशील त्यांत असतो. हे काम मोलाचे आहे. मुळशी धरणाकाठच्या अनेक घरांतील मुले नोकरीसाठी हिंजवडी-पुण्याकडे गेली. मागे राहिलेल्या आईवडिलांना भर पावसात पौडपर्यंत येणे हेच एक दिव्य असते. अशा वेळी गावातच होणाऱ्या शिबिराचा मोठा आधार वाटतो.

गेल्या वर्षीचा एक अनुभव मात्र मला विसरता येत नाही. धरणापलीकडच्या गावातील एका आजींना त्यांचा नातू माझ्याकडे घेऊन आला. उजवा हात लुळा, बोलणे अडखळत होते. त्यांना तातडीने पुण्याला पाठविले. परंतु त्रास आदल्या रात्री सुरू झाला होता, बहुमोल वेळ निघून गेला होता. पिशवीत शिबिरांची तीन कार्डे निघाली. तिन्हींवर वरचा रक्तदाब १७०च्या पुढे! प्रत्येक वेळी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्या तेव्हा दुखणेही संपले, असे आजींनी मानले. अहवालात त्यांची गणना तीनदा झाली असेल. पुढे त्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. त्यांतील एका कार्डावर सही माझीच होती.

उच्च रक्तदाब बहुधा लक्षणे दाखवीत नाही. गोळी बंद केल्यावरही काही काळ बरेच वाटते, आणि तेच फसवे असते. म्हणून अहवाल वाचताना किंवा देणगी देताना जरूर विचारा: रक्तदाब वाढलेल्यांपैकी कितीजणांची महिन्याभरात फेरतपासणी झाली? मोतीबिंदू आढळलेल्यांपैकी कितीजणांची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष झाली? नंतर डोळ्यांत औषध घालायला घरी कोणी होते का?

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. सर्व कार्डे एका वहीत ठेवावीत. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणाव्यात. तेथे रक्तदाबाची औषधे मोफत मिळतात. मुले दूर असल्यास आशाताईंना कल्पना द्यावी. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. महाराष्ट्रात तिची जबाबदारी पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे सोपविण्यात आली. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आजी आता काठीच्या आधाराने ओसरीपर्यंत चालतात. यंदा आमच्या शिबिराच्या नोंदवहीत आम्ही एक रकाना वाढविला आहे: ‘पुन्हा केव्हा पाहिले?’ आपल्या गावच्या शिबिरात असा रकाना आहे का, एवढे अवश्य विचारा.