तळ्याला नको, माशाला औषध द्या

गेल्या पौषात आटपाडी तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदाराचा दिवस उगवायलाच फोन आला. "साहेब, मासं काठाला अंग घासाय लागल्यात. तांबडं-पांढरं चार तर लईच मलूल हैत. पंपात कीटकनाशक भरून ठेवलंय. मारू का?" मी म्हटलं, "पंप खाली ठेवा, मी येतोय."

तांबडं-पांढरं म्हणजे कोई. पोरांनी हट्ट धरला म्हणून दिवाळीत शहरातून आणलेले आणि पिशवी फोडून थेट शेततळ्यात सोडलेले. कोई म्हणजे कुणी वेगळा प्राणी नव्हे. आपण सायप्रिनस म्हणून ज्याची बोटुकली सोडतो, त्याच जातीचा हा रंगीत भाऊ. त्यामुळे त्याचे रोग सायप्रिनसला लागतात, आणि बरेचसे रोहू-कटल्यालाही. झोळीत धरून पाहिले तर अंगावर मसुराच्या डाळीएवढ्या चपट्या, पारदर्शक उवा फिरत होत्या. त्या कोईबरोबरच आल्या हे सिद्ध करता येणार नाही, पण दिवाळीच्या आधी तळ्यात नव्हत्या एवढे खरे.

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आणि माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरलेली तळी दिसू लागली. पाणी आहे तर मासेही सोडू, हा विचार चांगलाच. पण माशाला रोग आला की आपण पिकाच्या सवयीने वागतो. रोग दिसला, फवारणी केली. इथेच घात होतो.

हिशेब करून बघा. 30 बाय 30 बाय 3 मीटरचे, उताराच्या काठाचे तळे काठोकाठ भरले तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. तेच पाणी फाल्गुनात मीटरभर उरले तर सव्वासहा लाख लिटर. म्हणजे भरल्या तळ्याच्या मापाने औषध टाकले तर माशाला साडेतीनपट डोस बसला. ही चूक दुसऱ्या कुणाची सांगत नाही, माझीच सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका शेतकऱ्याला मी तोंडी सांगून मोकळा झालो होतो, "पोटॅशियम परमँगनेट टाका, हजार लिटरला दोन ग्रॅम." पाणी किती उरलंय हे मी विचारले नाही, त्यांनी मोजले नाही. त्यांनी भरल्या तळ्याच्या हिशेबाने चार किलोच्या वर टाकले, तेही भर दुपारी. दुसऱ्या दिवशी घमेल्याने मासे काढले. आमच्या डिप्लोम्यात माशावर फार काही नव्हतं, पण ती काही सबब झाली नाही.

मीठ हे माशाचे सगळ्यात साधे औषध. लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात सायप्रिनस जातीला ते चांगले मानवते. पण भरल्या तळ्याला तेच प्रमाण लावले तर साडेसहा टन मीठ लागेल! आणि ते पाणी उद्या ठिबकमधून द्राक्षाला जाणार. मासा वाचेल आणि बाग जाईल. तेव्हा तळ्याला औषध देण्याचा नाद सोडा, आजारी मासा बाजूला घ्या. जखमी बैल आपण वेगळा बांधतोच की.

पाचशे लिटरची टाकी सावलीत ठेवा. पाणी त्याच तळ्याचे घ्या. नळाचे असेल तर एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्या. दीड किलो खडेमीठ, आयोडीन नसलेले, विरघळवून हळूहळू घाला. हवा सोडणारा छोटा पंप लावा. वर जाळी बांधाच, हा मासा उडी मारतो. पहिले दोन दिवस खाद्य देऊ नका, आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, बदललेल्या पाण्यापुरते मीठ परत घाला. मासा हाताळताना हात ओले हवेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं कातडं राखतो. उवा, किंवा दोऱ्यासारखा बाहेर लोंबणारा किडा, चिमट्याने काढा आणि जखमेवर कापसाने आयोडीन लावा, कल्ल्यात जाऊ देऊ नका.

उरलेल्या तळ्याचे काय? उवा टणक पृष्ठभागावर अंडी घालतात. तळ्यात बांबू सोडून ठेवा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. अंडी मरतात. तरीही उवा आटोक्यात येत नसतील तर औषध कोणते, किती, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाने पाणी मोजून सांगायचे. दुकानदाराने नव्हे, आणि मीही नव्हे.

थंडीत अंगावर तांबडे चट्टे पडून खोल जखमा होत असतील तर ते वेगळे दुखणे. बुरशीमुळे होणारा हा रोग 1988 साली ईशान्येकडून भारतात शिरला आणि देशभर पसरला. त्यावर भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने 'सिफॅक्स' हे औषध काढले. ते मात्र तळ्यातच टाकायचे असते, पण हेक्टर-मीटरला एक लिटर, म्हणजे आपल्या भरल्या तळ्याला जेमतेम 220 मिली. इथेही आधी पाणी मोजा. आणि पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड मारत असतील तर तो रोगच नव्हे, पाण्यात प्राणवायू नाही. खाद्य बंद करा, मोटर लावून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडा.

द्राक्षवाल्यांना एक वेगळे सांगायचे आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीसाठी फवारे सुरू होतात. फवाऱ्याचे पिंप तळ्याच्या काठावर धुऊ नका. मोरचूद आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशाला अत्यंत विषारी आहेत. पुष्कळदा 'रोग आला' म्हणतात तो पिंपातून आलेला असतो.

आता कारभाऱ्यांकडे वळतो. गाय आजारी पडली तर दवाखाना ठाऊक आहे. मासा आजारी पडला तर? कृषीचा माणूस म्हणतो, मी प्लॅस्टिक आणि अनुदान बघतो. पशुवैद्यकाकडे जनावरांची रांग. मत्स्य खात्याचे कार्यालय जिल्ह्याला. 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कागदावरचा तो दर्जा तळ्याच्या काठापर्यंत यायचा असेल तर रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडणारी एखादी पदवीधर पोर दुष्काळी तालुक्याला एक याप्रमाणे मिळाली पाहिजे. ते होईल तेव्हा होईल. तोवर ग्रामपंचायतीने एक टाकी, एक झोळी, सामू आणि प्राणवायू तपासायचा संच, आणि फलकावर मत्स्य कार्यालयाचा फोन नंबर, एवढे तरी ठेवावे. याला फार मोठ्या निधीची गरज नाही.

आटपाडीच्या त्या चार कोईंपैकी एक दगावली. तीन टाकीत तीन आठवडे राहिल्या आणि आता वेगळ्या हौदात आहेत. शेततळ्यात परत सोडायच्या नाहीत असे ठरले आहे. पोरं रुसली आहेत, पण पंपातलं कीटकनाशक मात्र तळ्यात गेलं नाही.